मध्ययुगीन फ्रेंच गद्य म्हणे ‘उसनं’!

फिरस्ता: परवा इथे कुणीतरी लिहिलं, की फ्रेंच गद्य लॅटिन भाषांतरांवर पोसलेलं, म्हणून उसनं, अस्सल ते त्रुबादूरांचं, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या ऑक्सितान भाषेतल्या कवींचं काव्य. वाचून राहवलं नाही. १२०० नंतर लगेचच निकोला द सांलिसनं सम्राट शार्लमेनच्या मोहिमांची लॅटिन बखर फ्रेंच गद्यात आणली आणि ठणकावलं, की यमकातली कथा खरी नसते. ‘ली फे दे रोमें’ या रोमन इतिहासाच्या कर्त्यानं १२१३-१४ च्या सुमारास सॅलस्ट, सीझर, स्युटोनियस आणि ल्यूकन हे लॅटिन लेखक एकत्र गुंफले. ल्यूकन तर कवी! त्याचं गद्य करणं ही नक्कल?

गोदाकाठ: आणि व्हिलार्दुआँ? रोबेर द क्लारी? १२०४ साली धर्मयोद्ध्यांच्या हल्ल्यात कॉन्स्टँटिनोपल पडलं तेव्हा दोघेही तिथं होते. डोळ्यांदेखत घडलेलं लिहिलं. ते कशाचं भाषांतर?

फिरस्ता: कशाचंच नाही, मान्य. पण खरं सांगायचं तर गद्यात, ही समजूत तेव्हा रुजत होती. ती रुजवण्यात भाषांतरकारांचा वाटा मोठा.

लेखणीदास: माझ्या पहिल्या अनुवादाच्या मुखपृष्ठावर माझं नावच नव्हतं. विचारलं तर प्रकाशक म्हणाले, “मूळ लेखक महत्त्वाचा.” उलट फ्रान्सचा राजा पाचव्या चार्ल्सनं १३७० च्या दशकात ओरेम या विद्वानाकडून अ‍ॅरिस्टॉटल फ्रेंचमध्ये करून घेतला, ओरेम १३७७ मध्ये बिशप झाला. अनुवादकाला हलकं लेखणाऱ्यांनी हे वाचावं.

दक्षिणवारा: सगळे उत्तरेचंच गाताय. ‘लो कोदी’ हा रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्याचा सारग्रंथ बाराव्या शतकाच्या मध्याला ऑक्सितान गद्यात झाला, आणि पुढे त्याचंच लॅटिन झालं. कॅथर पंथाविरुद्धचं १२०९ चं धर्मयुद्ध दक्षिणेवर लादलं नसतं तर दक्षिणेचं गद्य कुठे गेलं असतं!

गोदाकाठ: प्रत्येक धाग्यावर तेच धर्मयुद्ध. त्रुबादूरांची गद्यचरित्रं, त्या ‘विदा’, त्यानंतरच बहरल्या. चौदाव्या शतकात तुलूझमध्ये ‘लेइस दामोर’ हे ऑक्सितान काव्यशास्त्र रचलं गेलं, दक्षिणेतला सरदार गास्तों फेब्यूस याच्यासाठी लॅटिन ज्ञानकोश ऑक्सितानमध्ये आला. मेलेली भाषा हे करते?

दक्षिणवारा: बहरल्या कुठे? बऱ्याचशा उत्तर इटलीत! त्रुबादूर ऊक द सेंत सिर्क तिथंच जाऊन लिहीत होता. घरचे दरबार मोडल्यावर परक्या दारी आठवणी लिहून ठेवाव्या लागल्या, त्याला बहर म्हणता?

गोदाकाठ: इटलीचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा घेतो. पण त्या दरबारांना त्रुबादूरांची माहिती गद्यात हवी होती म्हणूनच ती लिहिली गेली. तुलूझचं मात्र तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

दक्षिणवारा: देते. रात्री सविस्तर लिहिते.