मनीप्लँट आणि कण्हेर एकाच मापाने मोजू नका

घरात लहान मूल असेल तर विषारी झाडांचं काय करायचं, यावर 'मनीप्लँट उंच टांगला की काळजी मिटली' असं काही जण म्हणतात. पण वेल खाली लोंबते आणि रांगतं बाळ नेमकी तीच ओढतं. आमच्या लेकीने डिफेनबेकिया या कुंडीतल्या शोभेच्या झाडाचं पान चावलं होतं. मनीप्लँट काय, डिफेनबेकिया काय, खाजऱ्या अळूसारखाच प्रकार: कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तोंडात रुततात, आग होते, ओठ सुजतात. तोंड ओल्या फडक्याने पुसलं, गार पाणी पाजलं आणि पान पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेलं. (उलटी काढायला निघालेल्या सासूबाईंना कसंबसं थांबवलं!) श्वास किंवा गिळणं अडलं तर थेट हॉस्पिटल.

मला खरी भीती गॅलरीतल्या कण्हेरीची वाटते. तिचं विष हृदयाचे ठोके बिघडवतं, पिवळीच्या बिया तर फारच घातक. ती पोटात गेली तर लक्षणांची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठावं. आम्ही ती कुंडीच काढून टाकली.