मदत हवी आहे: .३२ सेमी-ऑटो पिस्तुलात शिसं साचतंय, काडतुसं स्वतः भरली तर चालतील का?

तापीकाठ (जळगाव)
राम राम मंडळी. क्लबकडे २५ मीटर सेंटर फायर या नेमबाजी प्रकारासाठी .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचं सेमी-ऑटो पिस्तूल आहे. मॅगझिन पाच काडतुसांचं, गोळी उघड्या शिशाची, सपाट तोंडाची (वॉडकटर), बुडाशी पोकळ, वजन १०० ग्रेनच्या आसपास.

एप्रिल लागल्यापासून ४०-५० राउंड झाले की बोल्ट (काडतुसामागचा सरकता भाग) शेवटचा दीड-दोन मिलिमीटर बंद होत नाही, अंगठ्याने ढकलावा लागतो. पिस्तूल रिकामं करून, बोल्ट काढून नळी उजेडाला धरली तर चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत राखाडी पापुद्रे दिसतात. टार्गेटवर गोळ्यांचा गट पसरतो. दोन वेळा आवाजही फुसका आला.

बाहेरची काडतुसं महाग आणि वेळेवर मिळत नाहीत. रिकाम्या पुंगळ्या डबाभर पडून आहेत. बॅटरीचं शिसं ओतून गोळ्या पाडायच्या आणि पुंगळ्या परत भरायच्या असं एकाने सुचवलंय. वरणगावचा दारूगोळा कारखाना इतका जवळ आहे, तिथून काही सोय होते का?

सातपुडा_२२
भाऊ, भरण्याचा विषय आधी संपवू. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. कलम २ मधल्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे फक्त तयार काडतूस नाही, त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही त्यात येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. पिस्तूल परवान्यावर असलं म्हणून काडतूस भरायची मुभा मिळत नाही. परदेशी मंचांवरचे काडतूस भरायचे तक्ते जिथे हे कायदेशीर आहे तिथल्या लोकांसाठी आहेत.

कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या पिस्तुलात हा प्रयोग वाईट. ही टार्गेट पिस्तुलं ब्लोबॅक असतात, म्हणजे गोळी सुटताना बोल्टला कुलूप नसतं, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढंच त्याला धरून ठेवतं. दाब ठरल्यापेक्षा वाढला की पुंगळी चेंबरमधून थोडी बाहेर आलेली असतानाच आत जोर असतो. आधार नसलेलं पितळ फाटतं आणि गॅस मॅगझिनच्या वाटेने खाली, थेट मुठीत येतो. गोळी पुंगळीत जराशी जास्त आत दाबली गेली तरी आतली जागा कमी होऊन दाब चढतो. उलट दारू कमी पडली तर गोळी नळीतच बसते.

बॅटरीचं शिसं तर मुळीच नको. त्याला आम्ल लागलेलं असतं, वितळवताना विषारी धूर निघतो, आणि अँटिमनीमुळे ते कडक असतं. तुमच्या गोळीचं बूड पोकळ ठेवलंय ते मऊ शिशाने दाबाखाली फुगून नळीला घट्ट बसावं म्हणून. कडक शिसं फुगत नाही. गॅस कडेने पुढे पळतो, शिसं वितळवतो आणि नळीला चिकटवतो. कडक गोळीने नळी स्वच्छ राहते हा समज इथे उलटा पडतो.

वरणगावला ५.५६ आणि ७.६२ ची लष्करी काडतुसं होतात, तीही तांब्याच्या वेष्टणाची. तुमच्या कामाची नाहीत.

केळीपट्टा (रावेर)
सगळ्यात आधी फुसक्या आवाजाचं बघा. बाकीचं सगळं नंतर. आवाज मऊ आला किंवा झटका कमी लागला की तिथेच थांबायचं. नळी टार्गेटकडेच धरून हात वर, रेंज ऑफिसरला हाक. मॅगझिन काढा, चेंबर मोकळं करा, मग नळीतून रॉड आरपार जातो का ते बघा. रॉड अडला तर पिस्तूल आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे). गोळी स्वतः ठोकून काढू नका.

धोका कुठे आहे सांगतो. फुसक्या काडतुसाने बोल्ट पूर्ण मागे येत नाही, म्हणून पुढचं काडतूस आपोआप चढत नाही. रॅपिडमध्ये (जलद टप्प्यात) दर गोळीला तीन सेकंद टार्गेट समोर असतं, नेमबाज घाईने हाताने बोल्ट ओढतो आणि पुढची गोळी अडकलेल्या गोळीच्या पाठीवर सोडतो. नळी फुगते, फुटूही शकते. ही सवय पोरांना पहिल्या दिवसापासून लावा.

आता शिसं कुठे साचलंय ते वाचायला शिका. चेंबरच्या लगेच पुढे असेल तर गोळी नळीच्या मानाने बारीक आहे, किंवा बूड नीट फुगत नाही. नळीच्या तोंडाकडे असेल तर गोळीवरचं वंगण वाटेतच संपलं. आट्यांच्या (नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या) एकाच कडेला पट्टी दिसली तर शिसं आट्यात घसरतंय. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं, आणि फुसका आवाज त्याच्याशी जुळतो: दाब कमी, बूड फुगलं नाही. सगळी काडतुसं एकाच लॉटची आहेत का? वेगळ्या लॉटची ५० घेऊन स्वच्छ नळीत सोडून बघा. जुना लॉट तोवर बाजूला ठेवा.

तापीकाठ
दादा, लॉट एकच. खोकी पत्र्याच्या शेडमधल्या लोखंडी कपाटात असतात.

केळीपट्टा (रावेर)
मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४४-४५ अंश असतात, पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात त्याहून कितीतरी जास्त. वंगण पातळ होऊन गोळीवरून उतरतं, खोक्याच्या तळाला तेलकट डाग दिसतो. तो बघा. मेणचट गोळीला धूळ चिकटते, तीच चेंबरच्या काठाला घासून बसते. खोकी परवान्यातल्या सुरक्षित जागेतच, पण पक्क्या छताखाली, भिंतीला न टेकता. रेंजवर लागतील तेवढीच न्या, गाडीच्या डिकीत सोडू नका.

पितळी_ब्रश
साफसफाईबद्दल लिहितो, कारण इथेच सगळे नळी खराब करतात.

पिस्तूल रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. कॉपर सॉल्व्हंटने शिसं विरघळत नाही, त्यावर पैसे घालू नका. शिसं खरवडूनच निघतं. जुन्या ब्रॉन्झ ब्रशला शुद्ध तांब्याच्या लोकरीचे चार-सहा धागे गुंडाळा, नळीत जाताना जरा जोर लागेल इतपत. हलकं तेल लावून दहा-बारा फेऱ्या, शक्यतो चेंबरच्या बाजूने. मागून रॉड जात नसेल तर पुल-थ्रू केबल वापरा. पुढून रॉड घातला की तो तोंडाच्या कडेवर घासतो, आणि ती कड गेली की गट परत येत नाही. शिशाच्या चकत्या निघतील, सुती चिंधीने पुसा, परत उजेडाला धरा. तेल शेवटी कोरडं करा, चेंबरमध्ये थेंबही राहू देऊ नका.

भांडी घासायची 'तांब्याची' घासणी आणाल तर आधी लोहचुंबक लावा. चिकटली तर आत पोलाद आहे, वर नुसता मुलामा. ती नळीत घालायची नाही.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून नळी भरायची युक्ती व्हिडिओत दिसते. त्यातून लेड अॅसिटेट तयार होतं, ते पाण्यात विरघळणारं विष आहे, आणि काळ्या पॉलिशलाही ते खातं. करू नका. शिसं काढायला जॅकेटवाली गोळी मारणं त्याहून वाईट, आधीच अरुंद झालेल्या नळीत दाब वाढतो.

बोल्ट बंद होत नाही त्याचं मूळ चेंबरच्या काठावर साचलेलं शिशाचं कडं असणार. स्वच्छ चेंबरमध्ये काडतूस स्वतःच्या वजनाने सरकून रिमवर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर ढकलायचं नाही, पुसायचं. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे राहिली पाहिजे. मागे अडकली तर वरचं काडतूस खालच्याला ओढत नेतं आणि दोन्ही अडतात.

डॉक्टरांची_लेक (धुळे)
तापीकाठ दादा, एवढं सगळं शिसं हाताळताय म्हणून. गोळीपेक्षा प्रायमरचा (काडतूस पेटवणाऱ्या टोपीचा) धूर जास्त त्रासदायक, त्यात शिशाचं संयुग असतं. पंखा नेमबाजाच्या पाठीमागून टार्गेटकडे वारा देईल असा लावा, समोरून नको. शेड कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. साफसफाईनंतर हात गार पाणी आणि साबणाने धुवा. आणि रेंजवर तळहातावर तंबाखू मळणं बंद करा, चुन्याबरोबर शिसंही तोंडात जातं. चिंध्या बंद पिशवीत. कपडे घरी मुलांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. नियमित सराव करणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्यावं.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. खोक्याच्या तळाला डाग आहे, लॉट बाजूला काढला. पुंगळ्यांचा डबा नोंद करून परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायचं ठरलंय. घासणीला चुंबक लावला, टपकन चिकटला. हीच घासणी आम्ही दोन महिने वापरतोय. आता?

पितळी_ब्रश
आता नळी आर्मररला दाखवा, भिंग लावून. चेंबरच्या पुढे लांबीच्या दिशेने बारीक चरे असतील तर शिसं त्यातच अडकत राहणार, कितीही घासलं तरी. चरे हलके असतील तर आर्मरर सांगेल त्याप्रमाणे लॅप करता (आतून बारीक घासून गुळगुळीत करता) येतं. खोल असतील तर नळी बदलावी लागेल. तोवर या पिस्तुलावर सराव थांबवा.