‘हिंसाचार’ म्हणजे दंगल ना? : मारस, तरास, छळ, खावटी

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. मी अमळनेरला कोर्टाजवळ टायपिंगचं काम करते, अर्ज, ॲफिडेव्हिट, वकीलसाहेब सांगतील ते. परवा एक बाई आली, वय तिशीच्या आतलं, हातात प्लास्टिकची थैली, त्यात लग्नाचा फोटो, रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स. वकिलांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज टाईप करून घे म्हणून. मी सवयीने विचारलं, घरात हिंसाचार कधीपासून होतो? ती माझ्याकडे बघतच राहिली आणि आमच्या खानदेशी अहिराणीत म्हणाली, "हिंसाचार ते नई शे ताई आमनाकडे. तो नुस्ता मारस." म्हणजे हिंसाचार नाही, नवरा नुसता मारतो.

मला एकदम काही सुचलंच नाही. मग तीच म्हणाली, हिंसाचार म्हणजे दंगल ना, टीव्हीवर दाखवतात ती.

आता बघा, तिचं चुकलं कुठे? आपण हा शब्द ऐकतो तो दगडफेक, जाळपोळ यांच्या जोडीनेच. हिंसाचार उसळतो, भडकतो, त्याचं लोण पसरतं. ही सगळी क्रियापदं गर्दीची आहेत. दार लावलेल्या घरात एकटा नवरा एकट्या बाईला मारतो तेव्हा काही ‘उसळत’ नाही, शेजारी आवाज येतो आणि शेजारीण टीव्ही मोठा करते एवढंच. कायद्याचं मराठी नाव ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, म्हणजे आता जवळपास वीस वर्षं होतील, आणि जिच्यासाठी केला तिला त्याच्या नावात आपलं घर दिसत नाही. मला विचारायचंय ते हे, की ‘मारझोड’, ‘छळ’, ‘त्रास’ आणि ‘हिंसाचार’ यांच्यात नेमका फरक काय आणि बाईला विचारताना कुठला शब्द वापरावा?

पांझराकाठ
ताई, चांगला विषय काढला. मी धुळ्याला शाळेत मराठी शिकवायचो, आता रिटायर आहे. शब्दांपुरतं सांगतो, कायद्याचं तुम्हाला जास्त माहिती.

‘छळ’ हा संस्कृत ‘छल’पासून. तिथे अर्थ कपट, फसवणूक. हिंदीत अजून तोच आहे. मराठीत मात्र तो हळूहळू पीडा देणे, गांजणे याकडे सरकला. ‘त्रास’ तर त्याहून वेगळा. संस्कृतात त्रास म्हणजे भीती, थरकाप. ‘त्रस्’ धातू म्हणजे घाबरणे, कापणे. मराठीत आपण तो इतका पातळ केला की डासांचाही त्रास, गॅसचाही त्रास. त्यामुळे बाई "तरास देस" म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं किरकोळ काहीतरी आहे, समजूत घालून पाठवा.

बोरीकाठ
सर, त्रास म्हणजे भीती हे मला माहीतच नव्हतं आणि वाचून अंगावर काटा आला, कारण त्या दिवशी ती बोलत असताना तिचा फोन वाजला तर तिने पटकन पदराखाली दाबला, रिंग बंद होईपर्यंत तसाच घट्ट धरून बसली, श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हती. नंतर मला म्हणते, काही नाही ताई, थोडा तरास देस. म्हणजे तिने बरोबर शब्द वापरला होता, आपणच त्याचा अर्थ विसरलोय.

आता कायद्याकडचं सांगते. ‘छळ’ हा शब्द पोलिसांचा आणि पेपरवाल्यांचा. "माहेरहून पैसे आणावेत म्हणून विवाहितेचा शारीरिक व मानसिक छळ" हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही पेपरात आतल्या पानावर सापडेल, फक्त गाव आणि रक्कम बदलते. हे कलम ४९८अ, १९८३ साली दंडविधानात घातलं. कायद्यात तिथे शब्द आहे क्रूरता, म्हणजे क्रूर वागणूक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते कलम ८५ आणि ८६ झालं, पण आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस अजून "चारशे अठ्ठ्याण्णव लावली" असंच म्हणतो आणि पुढची किती वर्षं म्हणेल देव जाणे.

मला इथे मोठी गोची दिसते. ४९८अ फौजदारी आहे, गुन्हा आहे, नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. २००५ चा कायदा तसा नाही. त्यात बाई न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते आणि मागते काय, तर मारू नको असा आदेश, घरात राहू द्या असा आदेश, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा. तो आदेश नवऱ्याने मोडला तर मग मात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ‘हिंसाचार’ हा शब्द इतका जड आहे की बायांना वाटतं हाच जास्त कडक कायदा, यात नवरा लगेच आत जाईल, आणि त्या उठून जातात. जो कायदा घर न मोडता वापरता येतो त्यालाच नाव असं दिलंय की घर मोडेल अशी भीती वाटावी. भाषांतर करणाऱ्याने मूळ इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द दिला, तो कोशात बरोबरही असेल, पण एकदा चोपड्याच्या नाहीतर पारोळ्याच्या बाईला वाचून दाखवला असता तर?

कपाशी
मग वेगळा शब्द सुचवा ना. ‘घरातली मारहाण’ म्हणायचं का? सोपं आहे.

बोरीकाठ
सोपं आहे पण अपुरं आहे भाऊ. कायद्याच्या कलम ३ मध्ये फक्त मारहाण नाही. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आणि आर्थिक, असे प्रकार आहेत. ‘आर्थिक’ म्हटलं की परत घोळ, बायांना वाटतं आर्थिक म्हणजे मोठ्या लोकांचं, बँकेबिंकेचं. त्याच बाईला मी विचारलं, आर्थिक काही आहे का, तर नाही म्हणाली. अर्ध्या तासाने बोलता बोलता सांगते, कापूस वेचणीची मजुरी बाजारच्या दिवशी हातात पडते आणि रात्री नवरा पैसा लई लेस, म्हणजे काढून घेतो, चिल्लरसुद्धा ठेवत नाही. अगं मग हेच तर आर्थिक!

तर मी काय शोधलं ते सांगते. या कायद्याच्या २००६ च्या नियमांना जोडलेले नमुने आहेत, त्यातला नमुना ४ बाईला तिचे हक्क सांगण्यासाठी आहे. अधिनियम कठीण शब्दांत आहे पण या नमुन्यात चक्क साध्या गोष्टी आहेत, मारणं, थोबाडीत देणं, चावणं, लाथ घालणं, बुक्की मारणं, ढकलणं. पुढे मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, हुंडा आणला नाही म्हणून अपमान. आणि पैशाच्या भागात खायला-ल्यायला, औषधाला न देणं, कामावर जाऊ न देणं, तिची मजुरी काढून घेणं. मजुरी हा शब्दच आहे तिथे. मी आता अर्जाला बसलेल्या बाईला वरचं शीर्षक वाचून दाखवतच नाही, सरळ ही यादी अहिराणीत एकेक करून विचारते. त्या दिवशी चावण्यापाशी आल्यावर तिने काही न बोलता बाही वर केली.

पांझराकाठ
ताई, हे वाचून थांबलो थोडा वेळ.

एक अजून शब्द मला नेहमी टोचतो, ‘विनयभंग’. १८६० च्या दंडविधानातलं कलम ३५४, आता न्याय संहितेत ७४. इंग्रजांच्या कायद्यातल्या कल्पनेचं हे मराठी. हात पुरुषाने टाकला आणि भंग कशाचा झाला तर बाईच्या विनयाचा. वाक्यात बघा, ‘तिचा विनयभंग झाला’, करणारा वाक्यातून गायबच. पोरी शाळेत मला विचारायच्या, सर विनय म्हणजे नम्रता ना? मी काय उत्तर देणार? २०१३ च्या दुरुस्तीने लैंगिक छळ, पाठलाग, चोरून बघणं-फोटो काढणं यांना वेगवेगळी कलमं मिळाली, ते फार चांगलं झालं, कारण ‘पाठलाग’ म्हटलं की कोणी केला हे सांगावंच लागतं. पूर्वी हे सगळं ‘छेडछाड’ या एका शब्दात जायचं आणि छेड काढणं म्हणजे अर्धी गंमतच अशी लोकांची समजूत.

बोरीकाठ
अगदी. आणि सर, ‘बलात्कार’ या शब्दाबद्दल तुमचं मत हवं होतं. बलात् म्हणजे बळाने, बरोबर ना? मला वाटतं या ‘बळा’मुळेच अजून लोक पहिला प्रश्न विचारतात, तिने विरोध केला का, अंगावर खुणा आहेत का. आपल्याच राज्यातलं देसाईगंज पोलीस ठाण्यातलं १९७२ चं प्रकरण घ्या. आदिवासी पोरगी, ठाण्यातच पोलिसांनी केलं, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही म्हणून. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतल्या प्रकरणात बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती तर कोर्टाने तसंच धरून चालायचं. २०१३ मध्ये अजून स्पष्ट केलं, तिने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती संमती होत नाही. म्हणजे कायदा बळाकडून संमतीकडे गेला पण आपला शब्द बळापाशीच उभा आहे. गावात म्हणतात ती ‘जबरदस्ती’, त्यातही तेच.

पांझराकाठ
व्युत्पत्ती बरोबर आहे. शब्द आता बदलणं कठीण वाटतं मला, पण ‘संमती’ हा शब्द घराघरात बोलला गेला पाहिजे. आपल्याकडे तो लग्नाच्या बैठकीत वडीलधाऱ्यांची संमती एवढ्यापुरताच येतो.

कपाशी
मी जळगावचा. १९९४ च्या त्या प्रकरणाला पेपरांनी ‘वासनाकांड’ नाव दिलं आणि ते अजून आमच्या गावाला चिकटलेलं आहे. पोरींना फसवून, धमकावून शोषण केलं होतं, आणि नाव काय तर वासना! माझ्या मोठ्या बहिणीच्या स्थळाला त्या वर्षी पाहुण्यांनी आमच्या दारात बसून विचारलं होतं, मुलगी शिकायला जळगावातच होती का. वडील चहाचा कप हातात धरून तसेच राहिले. बहिणीने आतून ऐकलं. हे मी अजून विसरलेलो नाही आणि म्हणून मला शब्दांची ही चर्चा फालतू वाटत नाही.

अक्राणी
मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा, आरोग्याच्या कामात आहे. दोन शब्द आमच्या बाजूचे.

पहिला ‘खावटी’. कोर्टात बाई खावटी मागते म्हणजे पोटगी. आमच्या डोंगरात खावटी म्हटलं की लोकांना आठवतं ते आदिवासी विकासचं खावटी कर्ज, पावसाळ्यात काम नसतं तेव्हा धान्य-पैसा मिळायचा ते. २०२० ला त्याचं अनुदान झालं, कुटुंबाला चार हजार, निम्मं रोख आणि निम्मं किराणा. तर एका बाईला वकील म्हणाले खावटीचा अर्ज करू, ती म्हणे मागे भरला होता, मिळून गेली. तिला वाटलं सरकारी खावटी. तारीख गेली ना तिची.

दुसरा ‘डाकीण’. गावात कोणी आजारी पडलं, ढोर मेलं, की एखाद्या बाईवर नाव येतं, बहुतेक वेळा एकटी, विधवा, नाहीतर जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशी. मारतात, गावाबाहेर काढतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे त्यात करणी, काळी जादू, मंत्राने ढोराचं दूध आटवणं असा आळ घेऊन एखाद्याचं जगणं कठीण करणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं. पण लोक त्याला ‘नरबळीचा कायदा’ म्हणतात. डाकीण म्हणणं हाच गुन्हा आहे हे पोचतच नाही.

बोरीकाठ
अक्राणी भाऊ, हे खूप महत्त्वाचं सांगितलं. खावटीचा हा गोंधळ माझ्या कधी लक्षातच आला नव्हता, आमच्याकडे सगळ्या ‘खावटीनी केस’ असंच म्हणतात. इथून पुढे वरच्या बाजूची बाई आली तर मी ‘नवऱ्याकडून महिन्याचा खर्च’ असं सांगेन.

कपाशी भाऊ, तुमच्या बहिणीचं वाचलं. त्या कुठे असतील तिथे त्यांना माझा नमस्कार सांगा.

आणि त्या बाईचा अर्ज झाला. शेवटी मागणी लिहायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, फारकत पाहिजे का? तर लगेच म्हणाली, "नई. माले नांदनं शे. त्याले इतलं सांगा, मारू नको." नांदणं या शब्दाला कायद्यात तोड नाही बघा. आमच्याकडे नवरे ‘नांदायला ये’ अशी नोटीस पाठवतात, हिंदू विवाह कायद्याचं कलम ९, तिथे नांदणं म्हणजे फक्त परत येणं. ती म्हणत होती ते नांदणं म्हणजे सुखाने राहणं, गोकुळ नांदतं तसं. मी ‘अर्जदारास सामायिक घरात राहण्यास अडथळा करू नये व मारहाण करू नये’ असं टाईप केलं आणि घटनेच्या परिच्छेदात तिची वाक्यं अवतरणात अहिराणीतच ठेवली. वकीलसाहेबांनी वाचलं, एका जागी पेन थांबलं, पण खोडलं नाही.

आता मी एक तक्ता करतेय दुकानात लावायला, एका रकान्यात अहिराणी, दुसऱ्यात कोर्टाचा शब्द. मारस, तरास देस, पैसा लई लेस, घरमाईन काढी दिनं, हे सगळं लिहिलंय. तिसरा रकाना पावरी आणि भिली या डोंगरातल्या बोलींसाठी मोकळा सोडलाय. अक्राणी भाऊ, तुमच्याकडे बाया हे कसं म्हणतात, सांगाल का?

अक्राणी
मला बोलता येतं ताई पण हे शब्द बाया आपसात बोलतात, आम्हा पुरुषांसमोर नाही. आमच्या आशाताईंना विचारतो, त्या धडगावच्या बाजारात बायांमध्ये बसून लिहून आणतील. पुढच्या आठवड्यात इथे टाकतो.