टर्नरच्या ‘फायटिंग टेमेरेअर’ची हाताने रंगवलेली ऑइल कॉपी, काय बघून घ्यावी?

गच्चीवरचा_वारा
नमस्कार मंडळी, बाबा मर्चंट नेव्हीतून इंजिनियर म्हणून रिटायर झालेत आणि आता त्यांची पंच्याहत्तरी येतेय. त्यांना इंग्रज चित्रकार टर्नरचं ते चित्र भयंकर आवडतं, फिकट रंगाचं जुनं लढाऊ जहाज आणि त्याला ओढत नेणारी काळी धुरकट टग. पोस्टर नकोय, खऱ्या तैलरंगातली कॉपी हवीये. ऑनलाइन बघायला गेलं तर चीनमधल्या दाफेनहून करून देणारे ढिगाने आहेत, सगळेच ‘शंभर टक्के हँडपेंटेड, म्युझियम क्वालिटी’ म्हणतात आणि एकाचा भाव दुसऱ्याच्या चौपट. की इथलाच कोणी आर्टिस्ट गाठू? साइज २४ बाय ३६ इंच डोक्यात आहे. आणि अशी कॉपी करून घेणं कायद्यात बसतं ना?

जवसाचं_तेल
कायद्याचं टेन्शन घेऊ नका, टर्नर १८५१ साली गेला, कॉपीराइट कधीच संपला. फक्त कॉपीवर त्याची सही मारायला सांगू नका.
साइज मात्र बदला. मूळ चित्र ९०.७ बाय १२१.६ सेंमी आहे, म्हणजे साधारण ३:४. तुमचं २४ बाय ३६ म्हणजे २:३, त्यात एकतर वरचं आकाश कापलं जाणार नाहीतर जहाज ताणलं जाणार, आणि या चित्रात निम्म्याहून जास्त आकाशच तर आहे. २७ बाय ३६ सांगा. भिंत मोठी असेल तर ३६ बाय ४८ करा, ते जवळपास मूळ मापच होतं.
दाफेनला उगाच नावं ठेवू नका हां. १९८९ मध्ये हाँगकाँगचा एक व्यापारी चित्रकार तिथे आला आणि त्यातून अख्खं गाव कॉपी करायला लागलं, काही हात खरंच तयार आहेत. प्रश्न गावाचा नाही, तुमचं काम कोणाच्या हातात पडतं त्याचा आहे. ऑर्डर देतानाच सांगायचं की काम चालू असतानाचे फोटो हवेत, नुसता कच्चा रंग लावलेला असतानाचा एक आणि मग मधला एक, तयार झालेल्याचा एकच फोटो चालणार नाही. कारण बरेच जण कॅनव्हासवर प्रिंट मारतात आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे ओढून देतात. बाजूने तिरपा उजेड पाडून फोटो मागा, लगेच कळतं. टर्नरने सूर्याभोवती रंग जाड थापलाय आणि जहाज पातळ, बारीक ब्रशने केलंय. जेलवाल्या मालात आकाश, पाणी, जहाज सगळीकडे फटकारे एकसारखे आणि खालच्या चित्राशी त्यांचा काही संबंध नसतो. हातात आल्यावर भिंगातून बघा, प्रिंट असेल तर शाईचे ठिपके दिसतात.

डेकवरून
मी जहाजावर होतो म्हणून वेगळं सांगतो. कॉपीवाले मार खातात ते दोरखंडात. डोलकाठ्यांवरून खाली येणारे दोर कुठूनतरी सुरू होतात आणि कुठेच बांधलेले नसतात, नुसतं कोळ्याचं जाळं. तुमच्या बाबांना ते दहा फुटावरून दिसणार. त्या भागाचा क्लोजअप मागाच.
आणि दुसरं, पेंटर जरा शहाणा निघाला तर चित्र ‘सुधारून’ देईल, ते नको. टगचं फनेल, म्हणजे धुराडं, टर्नरने डोलकाठीच्या पुढे काढलंय, खऱ्या टगवर ते मागे असायचं. १८४५ मध्ये विलमोरने या चित्राचं एनग्रेव्हिंग (छापायला कोरलेली प्रत) केलं तेव्हा त्याने ते ‘बरोबर’ करून टाकलं होतं. तसं टर्नरने बरंच मनाचं केलंय म्हणा, १८३८ च्या सप्टेंबरात शियरनेसहून रॉदरहाइथला भंगारात न्यायला हे जहाज ओढलं तेव्हा डोलकाठ्या आधीच उतरवलेल्या होत्या आणि टग एक नाही, दोन होत्या. पण ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या पाठोपाठ घुसलेलं ९८ तोफांचं जहाज बोडकं कसं दाखवणार तो! तर कॉपी चित्राची करायची, खऱ्या जहाजाची नाही. टगवरचा छोटा पांढरा झेंडाही बघून घ्या. जहाज आता नौदलाचं राहिलं नाही ही गोष्ट तिथेच आहे आणि घाईच्या कामात नेमका तोच गळतो.

आंग्रेभक्त
इंग्रजांची जहाजं कशाला लावायची घरात? डॉमिनिक सेरेसने विजयदुर्गाच्या लढाईचं चित्र केलंय, त्यात निदान आपला किल्ला तरी आहे.

डेकवरून
अहो ती १८व्या शतकातली इंग्रजांच्या विजयाची चित्रं, त्यांच्यासाठी किल्ल्याचं नाव ‘घेरिया’. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. वाढदिवसाला आपल्याच आरमाराची होळी भेट देणार का?

आंग्रेभक्त
😅 बरं बरं, राहू दे.

गच्चीवरचा_वारा
खूप धन्यवाद सगळ्यांना. फनेलचं बाबांना गंमत म्हणून विचारतोच, तसाही त्यांचा जीव जहाजापेक्षा टगवर आहे 😄 २७ बाय ३६ नक्की केलं. अजून एक, वाढदिवसाला दोन महिने आहेत, पुरतील का? आणि दिवाणखान्यात जी भिंत मोकळी आहे तिच्या पलीकडे बाथरूम आहे.

जवसाचं_तेल
रंगवून होईल पण आतून वाळणार नाही. पातळ रंग आठवड्या-दोन आठवड्यांत हाताला लागेनासा होतो, सूर्याजवळचा जाड थर महिनोन्‌महिने ओला राहतो. म्हणून गुंडाळी करून पाठवणाऱ्याकडून घेऊ नका, जाड रंगाला तडे जातात किंवा तो चेपतो. फ्रेमवर ताणून, खोक्यातून येईल असं बघा, आणि त्यासाठीच इथला आर्टिस्ट बरा, स्वतः जाऊन आणता येतं. शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांनी, त्याच्याकडूनच करून घ्या, आत्ताच ठरवून ठेवा.
बाथरूमची भिंत अजिबात नको. कॅनव्हासला मागून बुरशी धरते आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. दुसरी भिंत शोधा, फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळती राहील. आणि पुढे काच लावायची नाही, फ्रेमवाला आग्रह करेल तरी.