पहिली गोधडी: मागे चुण्या, कोपरे जुळत नाहीत, काठ लहरतोय. किती उसवू?

कर्वेनगर_सुई
बाळासाठी गोधडी चालू आहे. साडेपाच इंची 80 चौकोन, आडवे 8, उभे 10. भोवती तीन इंची काठपट्टी. निम्मे चौकोन रविवार पेठेतून आणलेल्या नव्या सुती कापडाचे, निम्मे जुन्या साड्यांचे. आत पॉलिस्टरची वॅडिंग (फुगीर थर), मागे साडीचंच अस्तर. साधं घरगुती मशीन आहे, तिन्ही थर एकत्र धरून टाक्यांच्या चार ओळी मारून झाल्यात.

चौकोनांचा भाग रुंदीला साडेचाळीस यायला हवा होता. एका टोकाला साडेएकोणचाळीस येतो, मध्ये सव्वाचाळीस. कोपरे एकमेकांना चुकवतात, काठपट्टी जमिनीवर सपाट बसत नाही आणि मागे अस्तराला चुण्या पडल्यात. सगळं उसवायचं, की काही राखता येईल?

दोन_सूत
चौकोन उसवू नका. जुन्या साडीचं कापड विरलेलं असतं, दुसऱ्यांदा शिवताना सुईच्या भोकांवरून फाटतं. काठपट्टी आणि त्या चार ओळी मात्र काढा.

रुंदी का गेली ते बघा. शिवण पाव इंचाची, म्हणजे 2 सूत हवी. आडव्या 8 चौकोनांत 7 शिवणी. एका शिवणीत दोन्ही बाजू मिळून 1 सूत जास्त गेलं तरी एकूण 7 सूत गेले, म्हणजे जवळजवळ इंच. तुमचा इंच तिथेच गेलाय. मशीनच्या पायाची कड म्हणजे पाव इंच असं बरेच जण धरून चालतात, पण प्रत्येक मशीनला ते खरं नसतं. दीड इंची तीन पट्ट्या शेजारीशेजारी जोडा आणि इस्त्री करून मधली पट्टी मोजा. बरोबर 1 इंच आली तर तुमचा पाव इंच खरा. कमी आली तर सुईपासून मोजून मशीनच्या पत्र्यावर मास्किंग टेपची पट्टी चिकटवा आणि कापडाची कड तिला लावून चालवा.

कोपऱ्यांचं गणित इस्त्रीत असतं. पुढच्या गोधडीला चौकोनांच्या पहिल्या ओळीच्या सगळ्या शिवणी डावीकडे दुमडा, दुसरीच्या उजवीकडे. दोन ओळी समोरासमोर धरल्या की शिवणींच्या कडा एकमेकींत अडकतात, बोटाला ते लागतं. तिथे टाचणी लावा आणि मगच शिवा. इस्त्री दाबून उचला, सरकवू नका. सरकवली की चौकोन उरेब, म्हणजे तिरका, ओढला जातो, साडीचा तर हमखास. साडीचे तुकडे कापण्याआधीच स्टार्च करून घेतले असते तर निम्मा त्रास वाचला असता; पुढच्या वेळी तसं करा.

काठपट्टी लहरते कारण लांब पट्टी न मोजता शिवत नेली आणि उरलेली कापली. मशीनचे दात खालचं कापड पुढे ओढतात, वरची पट्टी मागे रेंगाळते. टोकाला येईपर्यंत दोन्हींची लांबी वेगळी झालेली असते. चौकोनांचा भाग मधून मोजा, कडेने नाही. त्या मापाच्या दोन पट्ट्या कापा, पट्टी आणि कड दोन्हींवर निम्म्याची आणि पावाची खूण करा, खुणा जुळवून टाचा. जे थोडंफार जास्त असेल ते सगळ्या लांबीत जिरतं.

बोहरी_आळी
चुण्यांबद्दल एक विचारते. अस्तर वरच्या मापाचंच कापलंय ना? ते चारही बाजूंनी 4-4 इंच मोठं हवं. काठपट्टीसकट तुमची गोधडी साधारण 46 बाय 56, म्हणजे अस्तर 54 बाय 64. साडीचा पन्हा 45 च्या आसपास असतो, त्यामुळे साडीचे 64 इंची दोन तुकडे जोडावे लागतील.

अस्तर उलटं करून फरशीवर पसरा आणि कडांना टेप लावा. सपाट हवं, ताणलेलं नको. ताणलं की टेप काढल्यावर आखडतं आणि मग नेमक्या चुण्या पडतात. त्यावर वॅडिंग, त्यावर वरचा भाग. मधून बाहेर हाताने सारवत जा आणि दर 4 इंचांवर सेफ्टी पिन लावा. या मापाला दीडशेच्या आसपास पिना लागतात. त्यात कंजुषी नको आणि स्वस्त पिना पावसाळ्यात लावून ठेवू नका, गंजाचा डाग सहज निघत नाही.

मशीनवर पहिली ओळ उभी मधोमध, दुसरी आडवी मधोमध, मग त्यांच्यामधल्या जागा. टाका 3 ते साडेतीन मिलिमीटर, सुई 14 नंबर, पायाचा दाब कमी. वॉकिंग फूट (वरचं कापडही सोबत सरकवणारा मशीनचा पाय) मिळालं तर उत्तमच. समांतर ओळी सगळ्या एकाच दिशेने मारा. एक वरून खाली, दुसरी खालून वर केली की गोधडी तिरकी पिळते.

वाकळ
थोडं वेगळं मत. पहिल्याच वेळी फुगीर वॅडिंग मशीनखाली घालणं म्हणजे घसरण मागून घेणं. पुण्याच्या थंडीला आत जुन्या सुती साडीचे दोन थर पुरतात, थर जागचे हलत नाहीत आणि हाताने धावदोरा घालता येतो. त्याला पिना नकोत: पंजाएवढ्या अंतरावर कच्चे टाके घाला, काम झालं की ओढून काढा. इंचाइंचावर ओळी धरल्या तर या मापाला साधारण 65 मीटर लांबीची शिलाई. टाक्याच्या चढउताराला पाचवा हिस्सा वाढवा. सहापदरी भरतकामाच्या 8 मीटरच्या लडीतून तीन-तीन पदर काढले तर 16 मीटर मिळतात, म्हणजे पाच-सहा लड्या. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता आणि पीळ.

कर्वेनगर_सुई
अस्तर खरंच वरच्या मापाचं होतं. वॅडिंग काढतेय. नव्या कापडात एक मरून रंगाचं आहे, ते धुतलेलं नाही. मीठ घालून भिजवू का?

दोन_सूत
मिठाने किंवा व्हिनेगरने आजच्या रंगांचं काही होत नाही. ओलं पांढरं फडकं मरूनवर ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्याला रंग लागला तर ते चौकोन आत्ताच बदला. बाकी नवं कापड न धुता शिवलंय, ते पहिल्या धुण्यात आखडेल, साडी आखडणार नाही. थोडी सुरकुती येईल, ती चालते. पहिलं धुणं भरपूर पाण्यात, एकटीच, आणि लगेच पसरून वाळवा. रंग उतरलेला दिसला तर वाळू देऊ नका, ओली असतानाच पुन्हा साबणाच्या गरम पाण्यात घाला.

बोहरी_आळी
शेवटी कडा बंद करणाऱ्या गोटाला अडीच इंची सहा पट्ट्या कापा, अर्धा मीटर कापड पुरतं. कोपऱ्यावर पाव इंच आधी थांबा, दोरा तोडा, पट्टी सरळ वर दुमडून पुन्हा खाली घ्या आणि कडेपासून सुरू करा. पट्ट्यांचा जोड कोपऱ्यावर येऊ देऊ नका, तिथे जाड गाठ होते आणि सुई मोडते.