जिप्सीच्या मागच्या ॲक्सल हाउसिंगला काय लावू? (बडोदा, बजेट ५ हजार)

मांजलपूरची_जिप्सी
नमस्कार मंडळी. १९९८ ची जिप्सी किंग आहे. स्प्रिंगच्या पाट्यांचे रबरी बुश बदलायचे होते म्हणून मागचा ॲक्सलच खाली उतरवला. हाउसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या लोखंडी आवरणाच्या, पोटाला आणि पाटे बसतात त्या बैठकीवर चांगलाच गंज आहे. पापुद्रे निघतात, पण हातोडीने ठोकून पाहिलं, पत्रा शाबूत आहे. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी आमच्या सोसायटीत आली तेव्हा चाकं बुडाली होती, तेव्हापासूनचं हे दुखणं.
बजेट ५ हजार, सफाई धरून. कंप्रेसर नाही, काम पोर्चमध्ये. गाडी महिन्यातून कधीतरी जांबुघोड्याच्या जंगलात, चिखलात जाते. पावडर कोटिंग, इपॉक्सी की साधा रंग?

खंडेराव_५४०
डोळे झाकून पावडर कोटिंग. माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपचे दोन्ही ॲक्सल, चेसिस, बंपर, सगळं करून घेतलं. लोक खाली वाकून बघतात. १८ हजार गेले, पण एकदाच. ५ हजारात तर आजकाल बॅटरीपण येत नाही.

मकरपुरा_लेथ
५४० वाले काका, त्यांनी ५ म्हटलंय.
पावडर ओव्हनमध्ये १८०-२०० डिग्रीला भाजतात. त्याआधी सील, बेअरिंग, ब्रीदर (ॲक्सलचं हवा जायचं तोंड), सगळं बाहेर हवं आणि आतलं तेल पूर्ण निघालेलं हवं. माझ्याकडे एक हाउसिंग आलं होतं, गाव सांगत नाही, दुकान सांगत नाही. वेल्डच्या सांध्यात गिअर ऑइल राहिलं होतं. भट्टीत ते उकळून वर आलं आणि सांध्याच्या कडेने फोडच फोड. वर बेअरिंगच्या घरात टेप लावायलाही विसरले होते. तिथली पावडर खरवडून काढायला अर्धा दिवस गेला, तो हिशेब वेगळाच.

निवांत_नाना
पावडर करायची तर पिनियन उतरवावा लागेल. मग शिम, बॅकलॅश, प्रीलोड, गिअरचं सगळं सेटिंग परत करा. त्यापेक्षा जळकं ऑइल ब्रशने लावा. आमच्या वडिलांनी ॲम्बॅसडरला दर पावसाळ्याआधी लावलं, एक ठिपका गंज नाही. खर्च शून्य.

मकरपुरा_लेथ
नाना, ते जीपचं झालं. जिप्सीचे चाकांकडे जाणारे दोन्ही हाफ शाफ्ट ओढले की पुढचे नट काढून गिअरचा अख्खा गोळा एका तुकड्यात बाहेर येतो. सेटिंगला हात लागत नाही. आणि जळक्या ऑइलने पाट्यांचे रबर बुश फुगतात. भाऊने आत्ताच नवे आणलेत.

निवांत_नाना
आमच्या ॲम्बॅसडरचे नाही फुगले.

कोकणचा_चालक
इकडे रत्नागिरीला खारी हवा. मी रबरवाला अंडरबॉडी कोट मारला, जाड थर, दगडाचा आवाजही येत नाही. तोच मारा.

कोयली_कोटिंग
जाड काळा थर ॲक्सलवर मारू नका, हात जोडून सांगतो. पाइपलाइनची कोटिंगं तपासण्यातच माझी सगळी नोकरी झाली. दगड लागून एक चीर पडली की पाणी थराखाली शिरतं आणि तिथेच बसतं. वरून काळं कुळकुळीत, आत लोखंड कुजतंय. ऑइल सील गळायला लागलं तरी कळत नाही.
तुमच्यासाठी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, झिंक फॉस्फेटवाला. ब्रशने लावता येतो, कंप्रेसर लागत नाही. उन्हात इपॉक्सी पांढुरका पडतो, पण गाडीखाली ऊन कुठलं? तरी वर पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) एक हात दिलात तर उत्तम. एक किलोचा सेट पुरून उरतो.
मात्र तयारी नीट हवी. आधी डिग्रीझर, मग वायर ब्रश. उलटं केलंत तर तेलच गंजात चोळलं जातं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी डबा उघडायचा नाही. लोखंड दवबिंदूपेक्षा किमान ३ डिग्री गरम हवं. बडोद्यात जुलैत असे कोरडे दिवस शोधावे लागतात.

खंडेराव_५४०
घरच्या पोर्चमध्ये दवबिंदू कोण मोजतो हो साहेब 😄

रावपुरा_रायडर
पीओआर-१५ मागवा. गंजावरच लावायचं, दमट हवेतच सुकतं. फक्त डब्याच्या कडेला लागलेलं पुसून मग झाकण लावा, नाहीतर झाकण जन्मात उघडणार नाही. मी तर छिन्नीने उघडलं.

कोयली_कोटिंग
गंजावर म्हणजे घट्ट धरलेल्या गंजावर. पापुद्र्यावर लावलंत तर पापुद्र्यासकट निघेल. हे मी वर लिहिलंच आहे.

रावपुरा_रायडर
वर पापुद्र्याचं काही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचलं.

सयाजीबागवाली
सँडब्लास्टिंग, म्हणजे रेतीच्या माऱ्याने गंज काढणं, करून घ्या ना, मकरपुरा जीआयडीसीत करतात. आमच्या ह्यांनी गेटची जाळी केली, नवी कोरी दिसते. गेट आणि ॲक्सल सारखं नसतं हे मला माहीत आहे, कृपया कुणी शिकवू नये.

मकरपुरा_लेथ
ताई, सल्ला बरोबरच आहे. फक्त नळ्यांची दोन्ही तोंडं आणि गोळ्याचं भोक लाकडी गट्टू नि चिंध्या कोंबून बंद करा. रेतीचा एक कण आत राहिला की नवं बेअरिंग गेलंच. काम झाल्यावर आतून डिझेलने धुवा, चुंबक फिरवा. आणि ब्लास्ट केलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका. आपल्या हवेत सकाळपर्यंत केशरी होतं. त्याच दिवशी प्रायमर.
एक मुद्दा कुणीच काढला नाही. पाटे बसतात त्या बैठकीवर रंगाचा जाड थर नको. पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट आवळल्यावर रंग दबतो, बोल्ट ढिले पडतात, मग ॲक्सल सरकतो. तिथे पातळ एक हात द्या. दोन-तीनशे किलोमीटर झाले की परत आवळा, गाडी चाकांवर उभी असताना.

हरणीचा_हरी
गॅल्वनाइज का नाही करत? विजेचे खांब बघा, वर्षानुवर्षं उभे.

मकरपुरा_लेथ
वितळलेलं जस्त साधारण ४५० डिग्री असतं. हाउसिंग वाकडं आलं तर हाफ शाफ्ट कुठे घालणार?

वकील_वाडी
रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते, विसरू नका.

सयाजीबागवाली
ॲक्सलचा?? आरटीओ साहेब गाडीखाली झोपून बघणार का?

वकील_वाडी
मी जनरल सांगितलं.

निवांत_नाना
पुरात चाकं बुडाली होती ना? मग रंगाचं सोडा, आतलं तेल बघा आधी. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. आजकालच्या पोरांना बाहेरून चकचकीत पाहिजे.

मांजलपूरची_जिप्सी
नाना, तेल पूर ओसरल्यावर लगेच बदललं होतं, खरंच तसंच निघालं होतं. या वेळी काढलं ते स्वच्छ होतं. ब्रीदर मात्र चिखलाने बुजलेला सापडला.

कोयली_कोटिंग
मग तो ब्रीदर आधी सुटा करा, आणि रंगवताना त्यावर टेप. ब्रीदर बुजला की तापलेल्या तेलाचा दाब सीलमधून बाहेर पडतो, तेल थेट ब्रेक लायनरवर. जमलं तर रबरी नळी लावून त्याचं तोंड बॉडीपर्यंत वर न्या. गरम ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून पाणी ओढते. विश्वामित्री परत आली तर एवढी नळीच कामाला येईल.

खंडेराव_५४०
माझ्या दोन्ही ॲक्सलना नळी आहे. मागेच केलंय. फोटो टाकू का?

मांजलपूरची_जिप्सी
सगळ्यांचे आभार. ब्लास्टिंगचं विचारलं, ने-आण धरून २२००. करून घेतलं, गट्टू घरूनच ठोकून नेले होते. संध्याकाळी पोर्चमध्ये आणलं आणि दिव्याच्या उजेडात रेडऑक्साइड प्रायमरचा हात मारला, वाळल्यावर दुसरा. वर साधा इनॅमल, स्मोक ग्रे. सगळं मिळून ३४०० च्या आत. पीयू नाही, पावडर नाही.
कोयली साहेब, इपॉक्सी जास्त टिकेल हे मान्य. पण जांबुघोड्यात दगड लागणारच, आणि इनॅमल मला दर मे महिन्यात वायर ब्रश नि शंभर मिलीच्या डबीत दुरुस्त करता येतो. करड्या रंगावर तेल गळालेलं लगेच दिसतं, काळ्यावर नाही. बैठकीवर एकच हात दिलाय, ब्रीदरला नळी लावली.

कोयली_कोटिंग
रेडऑक्साइड. ठीक आहे. तुमचं हाउसिंग.

खंडेराव_५४०
करडा?? जिप्सीखाली करडा? काळा तरी मारायचा भाऊ.

रावपुरा_रायडर
माझं अर्धं पीओआर-१५ शिल्लक आहे, कुणाला हवं असेल तर फुकट. झाकण तुम्ही उघडा.

मकरपुरा_लेथ
जुनेच यू-बोल्ट लावलेस की नवे?

मांजलपूरची_जिप्सी
जुनेच. आटे साफ केले.

मकरपुरा_लेथ
उद्या दुकानावर ये. जुने घेऊन ये, मापाने नवे बघू. तोवर गाडी बाहेर काढू नकोस.