फाइली पुसल्या, तरीही डीएफ ९४ टक्केच दाखवते

प्रश्न:
नमस्कार. आमच्या लिनक्स सर्व्हरवर क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) दर १५ मिनिटांनी एक शेल स्क्रिप्ट चालते. ती डीएफचे (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) आउटपुट ऑककडे (मजकुरातून हवा तो भाग काढणारे साधन) देऊन वापराची टक्केवारी वेगळी काढते आणि ती ९० च्या वर गेल्यास मला ईमेल पाठवते. काल तसा ईमेल आल्यामुळे मी मोठ्या लॉग फाइली पुसून टाकल्या. डीयूच्या (फाइलींनी व्यापलेली जागा मोजणारी कमांड) हिशेबात जागा मोकळी झाली आहे, परंतु डीएफ अजूनही ९४ टक्केच दाखवते. चूक स्क्रिप्टची आहे का?

उत्तर १:
स्क्रिप्ट निर्दोष दिसते. फाइल पुसली तरी ती उघडून बसलेली प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) जोवर तिला सोडत नाही, तोवर कर्नल (लिनक्सचा गाभा) तिची जागा मोकळी करत नाही. डीयू फोल्डरांतील फाइली मोजत जाते, तर डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारते, म्हणून ही तफावत पडते. एलएसओएफ ही उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड ‘+एल१’ या पर्यायासह रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवल्यास अशा नाव पुसलेल्या फाइली सापडतील. संबंधित सर्व्हिस रीस्टार्ट करावी. चालू लॉग हाताने पुसण्याची सवय मात्र सोडावी. ते काम लॉगरोटेट या जुने लॉग आपोआप बाजूला काढणाऱ्या साधनाचे आहे.

उत्तर २:
स्क्रिप्टमध्ये ‘डीएफ -आय’ हीदेखील तपासणी घालावी, कारण लहान फाइलींची गर्दी होऊन आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी फाइलसिस्टिमला लागणारी नोंद) संपले की जागा शिल्लक असूनही नवी फाइल तयार होत नाही.

प्रश्नकर्ता:
एका जावा सर्व्हिसने जुना लॉग धरून ठेवला होता. रीस्टार्टनंतर डीएफ ६१ टक्के दाखवते. आभारी आहे.